अशील आत, मी बाहेर

कायद्याची पदवी घ्यायला परीक्षा पास व्हावं लागतं, एवढंच मला प्रवेश घेताना माहीत होतं. बाकीचं हळूहळू कळत गेलं, लग्नानंतर सासरचं कळतं तसं. हजेरी भरावी लागते, नाहीतर परीक्षेलाच बसू देत नाहीत. मूट कोर्ट करावं लागतं, म्हणजे पांढरे कपडे घालून लुटुपुटीच्या कोर्टात उभं राहायचं आणि कालपर्यंत ज्या सरांना आपण ‘सर, पोर्शन किती?’ असं विचारत होतो त्यांनाच ‘माय लॉर्ड’ म्हणायचं. खऱ्या कोर्टात जाऊन एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघायचा. आणि शेवटच्या वर्षी एखाद्या वकिलाच्या ऑफिसात बसून अशिलांच्या दोन मुलाखती ऐकायच्या, त्या जर्नलमध्ये उतरवायच्या, खाली वकिलाची सही घ्यायची, आणि मग त्यावर तोंडी परीक्षा. हे झालं नाही तर बाकीच्या पेपरांत कितीही मार्क पडोत, पदवी मिळत नाही.

मी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या ऑफिसात कामगारांच्या रजा आणि पगारपत्रकं बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मग कंपनीने कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला आणि आमच्या हातात नारळ दिला. घरी बसून मी सगळ्यांच्या चुका काढायला लागले, तेव्हा नवरा हात जोडून म्हणाला, “काहीतरी शीक गं बाई, पण आमच्यामागचं शुक्लकाष्ठ सोडव.” त्याच्या डोळ्यांपुढे केक-बिस्किटांचा क्लास असावा. मी ठाण्याच्या लॉ कॉलेजचा फॉर्म आणला. सकाळी ठाकुर्लीहून निघायचं आणि दुपारी परत यायचं. वर्गात मुलं मला काकू म्हणायची, आणि परीक्षा जवळ आली की ‘काकू, नोट्स’.

मुलाखतींचा नियम मुलं फारसा मनावर घेत नसत. मागच्या वर्षीच्या कोणाचं तरी जर्नल मिळवायचं, नावं-गावं बदलायची, ओळखीच्या वकिलाची सही घ्यायची, झालं. एका मुलाने तर मला आपुलकीने सांगितलं, “काकू, तुम्ही कशाला उन्हातान्हात फिरता? मी पाठवतो ना पीडीएफ.” मला असल्या गोष्टींचा भयंकर राग येतो. त्याला मी वर्गातच ऐकवलं, आणि मग एवढं ऐकवल्यावर स्वतः ऑफिस शोधणं भागच होतं.

कल्याणला कोर्टाजवळ, एका वडापाववाल्याच्या वरच्या मजल्यावर एका वकीलबाईंचं ऑफिस होतं. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पण मी त्यांना मॅडम म्हणायचे आणि त्या मला ‘तुम्ही’ म्हणून झापायच्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. अशील आत आला की आधी माझ्याकडे बोट दाखवून विचारायच्या, “या विद्यार्थिनी आहेत. बसल्या तर चालेल? नको असेल तर नको म्हणा, संकोच करू नका.” मग पाण्याचा ग्लास पुढे करायच्या आणि विचारायच्या, “तुम्हाला काय हवंय?” एवढं विचारून गप्प.

पहिल्या मुलाखतीचा अशील घरमालक होता. भाडेकरू जागा सोडत नव्हता. ‘काय हवंय’ या प्रश्नावर त्याने भाडेकरूची बायको, तिचा आवाज, जिन्यातल्या चपला, स्वतःच्या भावाने लग्नात केलेला अपमान, सगळं सांगितलं. मला उत्तर पहिल्या मिनिटाला सापडलं होतं. कलम जिभेवर आलं होतं. मॅडम मात्र ऐकत बसल्या. शेवटी तो माणूस म्हणाला, “खरं सांगू का, जागा नंतर सोडली तरी चालेल हो. त्याने एकदा माझ्याशी नीट बोलावं.” मग त्यांनी नोटिशीऐवजी आधी दोघांना समोरासमोर बसवायचं ठरवलं. मी चाट पडले.

हे सगळं मी त्या संध्याकाळी घरी साग्रसंगीत करून दाखवलं, घरमालकाच्या आवाजासकट. सासूबाई हॉलमधल्या त्यांच्या दिवाणावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

“बाई वकील? आणि नुसती ऐकते?”

“हो ना. मी तर कंटाळले ऐकून ऐकून.”

“कुठे म्हणालीस ऑफिस?”

मी सांगितलं. वडापाववाल्यासकट सांगितलं.

त्या दिवसांत आमच्या घरात एक विषय रोजचा होता. सासूबाईंचं माहेर टिटवाळ्याच्या पुढे एका गावात. वडिलांची भाताची जमीन होती, तिच्यावर आता बिल्डरची नजर होती. चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिलेल्या, मध्ये हा एक तुकडा शिल्लक. सातबाऱ्यावर दोनच नावं, मामांचं आणि सासूबाईंचं. मामा म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. बिल्डरला व्यवहार मामांशी एकट्याशी करायचा होता, त्यासाठी सासूबाईंचं हक्कसोडपत्र हवं होतं. आमच्याकडे ही रीतच आहे. बहिणीने सही करायची, भावाने साडी आणायची, आणि भाऊबीज सुरू राहायची. सही केली नाही तर कायदा बहिणीच्या बाजूने उभा राहतो, पण माहेरचं दार लागतं. गावातल्या बहुतेक बायकांनी दाराकडे बघून सह्या केल्या होत्या.

मामांचे फोन यायला लागले. “आक्का, कधी येऊ?” सासूबाई म्हणायच्या, “ये रे, घाई काय आहे?”

मी मात्र पेटले होते. जिथे तिथे त्यांना गाठून कायदा ऐकवायचे. ओट्याशी, गच्चीत, त्या टीव्ही बघत असताना. “आई, अजिबात सही करायची नाही. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. चोळीबांगडीवर भागवायचे दिवस गेले.” नवराही माझ्या बाजूने. त्याला आईच्या हक्कापेक्षा मामांची मिजास उतरवण्यात जास्त रस होता, आणि आपल्यालाही कधीतरी मोठं घर घेता येईल हा हिशेब त्याच्या डोक्यात नव्हता असं मी म्हणणार नाही. सासूबाई आमचं ऐकून घ्यायच्या. “बरं,” म्हणायच्या. त्यांचं ‘बरं’ म्हणजे होकार, असं मी लग्न झाल्यापासून धरून चालले होते.

मग ती संकष्टी आली. दर संकष्टीला सासूबाई टिटवाळ्याच्या गणपतीला एकट्या जात. दुपारची रिकामी गाडी, पिशवीत दुर्वा आणि जास्वंद, आणि संध्याकाळी चंद्रोदयाच्या आत घरी. मला त्या दिवशी कॉलेज होतं, पण सरांची कोर्टात तारीख निघाल्यामुळे तास रद्द झाला. माझी दुसरी मुलाखत अजून बाकी होती, म्हणून मी ठाण्याहून घरी न जाता थेट कल्याण गाठलं.

“बरं झालं आलात,” मॅडम म्हणाल्या. “आज एक आजी येणार आहेत. माहेरच्या जमिनीचं आहे, हक्कसोडाचं. तुमच्या उपयोगाची केस.”

मी पेन काढलं. दार ढकलून आजी आत आल्या. हातात आमच्याच घरातली पिशवी, तीतून दुर्वा डोकावत होत्या.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्यांनी फोनवर आपलं माहेरचं नाव सांगितलं होतं, सातबाऱ्यावर होतं ते. मॅडमना काही कळण्याचं कारण नव्हतं.

“मॅडम,” मी उठून म्हणाले, “या माझ्या सासूबाई.” आणि म्हणता म्हणता त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, पिशवी हातातून घेतली, आणि परत माझ्या जागेवर बसायला लागले. आता केस माझ्या हातात आली, असंच मला वाटलं. सगळी कलमं पाठ होती.

मॅडमनी हात वर करून मला थांबवलं. “आजी, तुम्ही सांगा. या आत बसल्या तर चालेल?”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. पाण्याच्या ग्लासाकडे बघत म्हणाल्या, “नको. तिला बाहेर बसू दे.”

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. खालून तळणाचा वास येत होता. मला इतका राग आला होता की कानशिलं तापली. काय लपवायचंय यांना माझ्यापासून? यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला रजा कोणी घेतली? गोळ्या कोण देतं? सोसायटीतल्या बायका म्हणतात, सून असावी तर अशी. मी सासूबाईंना कधी उलटून बोलले नाही. बोलले असले तरी लगेच चहा करून दिला होता. मग हळूहळू दुसरी भीती वाटायला लागली. आमच्याबद्दल तक्रार तर नसेल? मुलगा-सून त्रास देतात म्हणून वकील गाठणारे म्हातारे मी वर्गात उदाहरण म्हणून शिकले होते. ते उदाहरण आपलंच निघालं तर? जाड काचेच्या पलीकडे सासूबाई बोलताना दिसत होत्या. हातवारे करून बोलत होत्या. घरी त्यांना हातवारे करताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला वाईट वाटलं.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. डोळे लाल होते, चेहरा मात्र मोकळा. “चल,” म्हणाल्या. “गणपती राहिलाय.”

मीही गेले. रांगेत उभ्या असताना न राहवून विचारलं, “आई, मॅडम काय म्हणाल्या?”

“ते मॅडमना विचार.”

दुसऱ्या दिवशी मी खरंच विचारलं. नको होतं विचारायला. मॅडमनी फाइल बंद केली.

“तुम्ही तीन वर्षं काय शिकलात? अशील माझ्याशी काय बोलली ते मी तिच्या मुलालाही सांगणार नाही, सुनेलाही नाही. आणि तुम्ही ते ऐकलेलं नसलं तरी त्या इथे आल्या होत्या हे तुम्हाला कळलंय, ते इथे बसल्यामुळेच. घरी एक शब्द गेला तर तुमच्या जर्नलवर माझी सही विसरा.”

“मी नवऱ्यालाही सांगायचं नाही?”

“नवऱ्याला तर नाहीच नाही.”

घरातल्या कोणालाही विचारा, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पुढचे दिवस कसे काढले माझं मला माहीत. नवरा रोज जेवताना सुरू करायचा. “तू बोल ना आईशी. एवढी वकील होतेयस, तिला समजव सही करू नको म्हणून.” मी भाजीत मीठ कमी आहे का ते विचारायचे. सासूबाई ताटातून मान वर न करता जेवत. एकदा तर तो म्हणाला, “तुझी तब्येत बरी आहे ना? बीपी चेक करून घेऊ का?” सही गेली तर पदवी अडेल, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर काही दिवसांनी त्या भीतीने मी गप्प नव्हते. ओट्याशी त्यांना कायदा ऐकवायला तोंड उघडायचे आणि काचेपलीकडचे ते हात आठवायचे. मग मी कुकरची शिट्टी मोजत उभी राहायचे.

दुसरी मुलाखत मला वरच्या मजल्यावरून पाणी गळतं म्हणून भांडणाऱ्या एका जोडप्याची मिळाली. ती उतरवली, मॅडमनी सही केली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “वकिलाचं अशिलाप्रती पहिलं कर्तव्य कोणतं?” मी म्हणाले, “गप्प बसणं, सर.” ते हसले आणि म्हणाले, जरा विस्ताराने सांगा. मी पुस्तकातलं सांगितलं.

निकाल लागायच्या आधीच एका रविवारी सकाळी मामा आले. पेढे, साडी, आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये टाइप केलेलं हक्कसोडपत्र. मामा तसे वाईट नाहीत. आयुष्यभर त्या जमिनीत राबलेला माणूस, अंगात शर्ट नवा असला तरी बसायचं शेतकऱ्यासारखंच, खुर्चीच्या टोकावर.

“आक्का, तुझा शब्द झाला की रजिस्ट्रेशनला जाऊ,” ते म्हणाले. “मी काय तुला विसरणार आहे का? दर सणाला येईन.”

नवऱ्याने घसा खाकरला. “मामा, आई सही करणार नाही.”

“तू मधे बोलू नको रे.”

“का नको? तिचा हक्क आहे.”

दोघांचे आवाज चढायला लागले. सासूबाई दिवाणावर मधोमध, एकीकडे भाऊ, एकीकडे मुलगा, आणि दोघांपैकी कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मला ते असह्य झालं. मी नवऱ्याचा दंड धरला आणि म्हणाले, “चल, आपण दोघं जरा खाली जाऊन येऊ. त्या दोघांना बोलू दे.” तो माझ्याकडे बघतच राहिला.

“कोणी कुठे जायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मला सगळ्यांसमोरच सांगायचंय.”

त्यांनी पदर नीट केला. पाठ केल्यासारखं बोलल्या, कुठे अडखळल्या नाहीत. “मला अर्धा वाटा नको. पैसेही नकोत. जमीन तू कसलीस, ती तुझीच. पण अशी फुकट सही मी करणार नाही. त्या जागेवर इमारत होणार आहे ना, तिच्यात मला एक घर पाहिजे. छोटं चालेल, एका खोलीचं. माझ्या एकटीच्या नावावर. बिल्डरने आधी तसा करार करायचा, रजिस्टर करायचा, मग मी हक्क सोडते. माझ्या वकीलबाई कागद करून देतील.”

“वकीलबाई?” नवरा म्हणाला आणि माझ्याकडे वळला.

“ती नव्हे,” सासूबाई म्हणाल्या. “माझी वेगळी आहे.”

मामा गोंधळले होते, पण घाबरलेले दिसले नाहीत. त्यांना कोर्टकचेरीची भीती असणार, आणि ती टळत होती. “घर देतील ते, देतील की. पण आक्का, तू त्याचं करणार काय? भाड्याने देणार?”

“राहणार.”

मग नवरा लहान मुलासारखा म्हणाला, “आई, इथे काय कमी आहे?” सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मामा बिल्डरला विचारतो म्हणून उठले. जाताना साडी परत न्यावी की काय अशा विचाराने पिशवीशी घुटमळले. “ठेव साडी,” सासूबाई म्हणाल्या. “रंग छान आहे.”

दुपारी नवरा बाहेर निघून गेला. मी भांडी आपटत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

“रागावलीस.”

“नाही.” मग मला राहवलं नाही. “आई, माझं काय चुकलं ते तरी सांगा. मी तुमच्यासाठी एवढी भांडले. तुमचा हक्क, तुमचा हक्क म्हणून जीव काढला. आणि तुम्हाला आमच्यात राहायचंच नाही. हे मला सांगितलं असतंत तर?”

“तू विचारलंस कधी?”

मी नळ बंद केला.

“त्या बाईने विचारलं, तुम्हाला काय हवंय,” त्या म्हणाल्या. “मला पहिल्यांदा काही सुचेचना. सही करू की नको, एवढंच मी विचारायला गेलेले. ती गप्प बसली. मग माझ्या तोंडून हे आलं. मलाच माहीत नव्हतं असं काही आहे पोटात. तू समोर असतीस ना, तर तुझं तोंड बघून मी दुसरंच काहीतरी बोलले असते. म्हणून बाहेर बसवलं तुला. तुझं चुकलं म्हणून नाही.”

“पण एकट्या? या वयात?”

“अगं, माहेरी आम्ही घरभर माणसं. लग्न झालं तर चाळीतली एक खोली, तुझे सासरे, त्यांचे भाऊ, सगळे एकातच. इथे आलो तर हॉल. वाईट नाही काही, तुम्ही जिवाला जपता. पण तुमचा टीव्ही बंद झाला की मी झोपते, आणि दूधवाला आला की उठते. घराचं दार लावणारं नेहमी दुसरंच कोणीतरी. एकदा मला आतून स्वतः कडी लावून बसायचंय. कोणी येणार नाही, कोणी जाणार नाही. मरायच्या आधी एवढं एक.”

मला रडू आलं, आणि त्यात थोडा रागही होता, तो मी लपवला नाही. वीसेक वर्षं मी या बाईला ओळखते असं समजत होते. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मला पाठ होत्या, आणि त्यांच्या हक्काचं कलमही.

“आणि मी आले तर?” मी विचारलं. “टिटवाळ्याला, तुमच्याकडे. मी आले तर?”

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. खरंच विचार केला, मला बरं वाटावं म्हणून काही म्हणाल्या नाहीत.

“बेल वाजव,” त्या म्हणाल्या. “मी बघेन कोण आहे ते. मग उघडेन.”